सायलेन्सरवरचा डबा

"म्हाताऱ्याचं जे काही असेल ते उतरव खाली. मशीनवर त्याची चिंधीसुद्धा नको मला," मोतीलालशेठ खुर्चीतूनच ओरडला, आणि नवा ऑपरेटर पुना बुलडोझरवर चढला.

बुलडोझर ट्रेलरवर साखळ्यांनी आवळून तयार होता. जामनेरहून थेट साक्री, तिथं पाझर तलावाचं काम. अकरा वर्षं ते धूड चालवलेला यादव खाली उभा होता. डोळे अधू झाले म्हणून शेठनं त्याला कालच सगळ्यांदेखत हाकललं होतं. आज तो फक्त सामान न्यायला आला होता.

पुना एकेक वस्तू खाली देत गेला. गोधडी, पाण्याचा कॅन, देवाचा फोटो. मग त्यानं सायलेन्सरच्या तोंडावर पालथा घालून तारेनं बांधलेला तुपाचा डबाही सोडला.

"आबा, हाऊ डबा बी तुमनाच शे ना?"

यादव एक पाऊल पुढं सरकला. डबा त्याचा नव्हताच, मशीनचा होता. ट्रेलर सुटला की समोरचा वारा सायलेन्सरमधून आत घुसतो आणि इंजिनातला टर्बोचा पंखा गरगरा फिरायला लागतो. इंजिन बंद, म्हणजे तेल नाही. कोरडाच फिरणार. त्यात पुनानं बुलडोझर उलटा चढवलेला, सायलेन्सरचं वाकडं तोंड नेमकं पुढं. साक्री येईस्तोवर त्याच्या बेअरिंगची वाट लागणार. शेठला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. म्हातारा पावसासाठी डबा घालतो, एवढीच त्याची अक्कल.

पुना डबा घेऊन खाली उतरला. बापडा सरळ माणूस, सुरतची नोकरी सोडून आलेला. पहिला दिवस म्हणून पांढरा इस्तरीचा शर्ट घातलेला. त्याची बायको ताईबाई सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ट्रेलरच्या केबिनमध्ये भांड्यांच्या गाठोड्याला टेकून बसली होती. साक्रीला संसार मांडायचा होता तिला.

"आबा, तुमनी जागावर मी उनू, राग मानू नका. आखो काही सांगानं ऱ्हायनं का?"

आता अशा माणसावर राग तरी कसा धरावा? यादवनं तोंड उघडलं. खरंच उघडलं. डबा परत बांध, एवढंच तर सांगायचं होतं.

"त्या आंधळ्याला काय विचारतोस?" शेठ म्हणाला. "त्याला आता बैलगाडी दे हाकायला! आणि तू ऐक. उद्या मशीननं नुसती कुरकुर केली ना, तर बायकोसकट तिथूनच चालता हो."

आवारातले सगळे खो खो हसले. पुनाही हसला. शेठच्या विनोदाला नोकरानं हसायचं असतं, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. पण यादवनं ते पाहिलं, आणि ते त्याला शेठच्या बोलण्याहून जास्त लागलं.

त्यानं पुनाच्या हातातून डबा घेतला. आतून तो काजळीनं काळाकुट्ट झाला होता.

"नही रे भाऊ, काही नही ऱ्हायनं," तो म्हणाला आणि त्यानं पुनाची पाठ थोपटली. "जपीसन जाय."

पुना केबिनमध्ये चढला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर काजळीची पाच बोटं उमटली होती. यादवला ती अधू डोळ्यांनीही लख्ख दिसली. ताईबाईनं खिडकीतून म्हाताऱ्याला हात जोडले.

ट्रेलर फाटकाबाहेर पडला आणि सडकेला लागून त्यानं वेग धरला. उघड्या सायलेन्सरमधून बारीक शिट्टी यायला लागली.

"काय रे, ते भंगार कशाला नेतोस?" शेठनं विचारलं.

"घरी तुळस लावतो, शेठ," यादव म्हणाला, आणि शिट्टी ऐकू येईनाशी होईस्तोवर डबा पोटाशी धरून तिथंच उभा राहिला.