थोरलीच्या हाताचा गुण

बाळ पाळण्यात असताना धाकटीने कुंडीत बी पेरलं होतं; पोर बोबडं बोलू लागलं तेव्हा कुठे ते फुलझाड गुडघ्याएवढं झालं. थंडी पडली आणि दरवर्षीसारखी त्याची सगळी पानं गळाली. वरच्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली थोरली जाऊ नाक मुरडून म्हणाली, "मेलं गं तुझं झाड! हाताला गुण असावा लागतो."

"वहिनी, ते थंडीत झोपतं."

"पुरे, मला नको शिकवूस," म्हणत तिने कुंडी वर नेलीसुद्धा.

ऊन तापलं तशी पालवी फुटली, फुलंही आली. "मेलेलं उठवलंय मी!" म्हणत थोरली बिल्डिंगभर मिरवली. धाकटीनेही तोंडभरून कौतुक केलं.

पुन्हा थंडी आली. थोरलीने कुंडी आणून धाकटीच्या दारात आदळली. "घे तुझा खराटा! बीच दळभद्री, मी तरी काय करणार?"

"खरंय वहिनी. ठेवा तिथेच, बघते मी."


वरून पहिलं वाळकं पान गॅलरीत येऊन पडलं, त्याच दिवशी धाकटीने कुंडीची जागा पुसून ठेवली होती. जाऊबाईंच्या अकलेवर तिचा तेवढा भरवसा होता.