उतारा

कारखान्यातल्या पिंपातून मेथॅनॉल काढताना भीमाने नळी तोंडाने ओढली आणि दोन-तीन घोट पोटात गेले. त्याने कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठला, तर सगळं धुरकट दिसू लागलेलं. तेव्हा कुठे त्याने घोटांचं सांगितलं.

"याच्यावरचं इंजेक्शन नगरलाच मिळेल," पाथर्डीच्या दवाखान्यात डॉक्टर ईरा त्याच्या बायकोला, मुक्ताला म्हणाल्या. "अँब्युलन्स येईपर्यंत दारू पाजावी लागेल. शरीर आधी दारू पचवायला घेतं, तेवढा वेळ मेथॅनॉलचं विष होत नाही. नाहीतर डोळे जातील, जीवही जाईल."

लेक झाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून भीमाने दारू सोडली होती.

नर्सने पाणी घातलेली दारू पुढे केली. भीमाने मान फिरवली. "न्हाई. लेकीची आन हाय."

"लेकीला बाप पायजे," म्हणत मुक्तानेच ग्लास त्याच्या ओठांना लावला. अँब्युलन्स येईस्तोवर ती रडत रडत पाजत राहिली.

नगरला उपचार झाले आणि धोका टळला. एका सकाळी भीमाने समोरच्या भिंतीवरची पाटी अक्षर न् अक्षर वाचून दाखवली. मुक्ताचा जीव भांड्यात पडला.

"काय खाता? दूध-भाकर आनू का?" तिने विचारलं.

भीमाने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डाक्टरला इचार की, ते पयलं औषध अजून थोडं लागंल का."