पांढऱ्या मोज्यातली बाटली

ज्याचं नाक तल्लख, त्याच्याकडे वाइनच्या तळघराची किल्ली, असा बोर्दोच्या त्या फ्रेंच घराण्याचा रिवाज. किल्ली सोलेनच्या बाबांकडे होती आणि काका तिच्यावर टपलेले. टेबलावर, नुसत्या चवीवरून ओळखायच्या म्हणून पांढऱ्या मोज्यांत लपवलेल्या दोन बाटल्या: एक बाबांची, दुसरी सोलेननं कॅलिफोर्नियात केलेली. आपल्या बाटलीचं बूच काढताच तिला बुरशीचा वास आला. वाइन बिघडलेली! आता बाबा पहिल्याच घोटाला थुंकणार. बाबांनी दोन्ही चाखल्या आणि तिच्याच बाटलीवर टिचकी मारली. “हीच आपली! काय दरवळ! पोरी, तुमच्या अमेरिकेला जन्मात जमायचं नाही.” सोलेनला कळून चुकलं. बाबांचं नाक गेलं होतं. “बघू तरी, दादा,” म्हणत काकांनी त्या बाटलीकडे हात पुढे केला. तिनं बाटली उचलून निसटू दिली. “धांदरट! आपलीच फोडलीस?” बाबा कडाडले. लालेलाल मोजा छातीशी धरत ती म्हणाली, “हो बाबा, तुमचीच.”