पहिला खिळा

"ते सगळं कळलं हो, पण खिळा कधी ठोकता येईल?" बायकोने विचारले.

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून त्या सकाळपासून या नवरा-बायकोच्या प्रश्नांना तोंड देत होत्या. नवऱ्याचे प्रश्न निदान ओळखीचे होते. घर विकणाऱ्या मालकीणबाईंच्या भावाने उद्या घरावर हक्क सांगितला तर? आधीचे एखादे कर्ज निघाले तर? भावाने लेखी संमती दिली आहे, कर्ज नाही, जुने कागद मी स्वतः तपासले आहेत, असे सांगून सांगून वकीलबाईंच्या तोंडाला फेस आला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोर स्वतः ओढून बघितल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे. पण खिळा?

"मला साठेकरार झाला त्याच दिवशी ठोकायचा होता," बायको म्हणाली. "हेच नको म्हणाले."

"बरोबर म्हणाले. साठेकरार म्हणजे विकण्याचा नुसता शब्द. आज खरेदीखतावर सह्या होऊन त्याची नोंद झाली, की घर तुमचं. तोवर तुम्ही भाडेकरूच."

"म्हणजे आज दुपारी ठोकू शकते?"

"ठोका हो बाई! हवे तेवढे ठोका."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे बाशिंग बायकोने बांधले होते. तिच्या पर्समधून चक्क हातोडीचा दांडा डोकावत होता.

खिळ्याचे प्रकरण जुने होते. लग्न करून दोघे त्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने लग्नाचा फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकला. ठोक्यांचा आवाज ऐकून शेजारी राहणाऱ्या मालकीणबाई पक्कड घेऊनच आल्या. खिळा उपटला, भोकात चुना भरला आणि त्यावर अंगठा फिरवत, नाक वर करून म्हणाल्या, "भिंत माझी आहे. भोक एकदा पडलं की पडलं."

तेव्हापासून फोटो कपाटावर उभा होता. कपाटाचे दार जरा जोरात लागले, की नवरा-नवरी तोंडावर आपटायची. मुलगी कॉलेजात जाईपर्यंत किती काचा बदलल्या, देव जाणे. बायकोने त्यावर एक उपाय काढला होता. ती मालकीणबाईंची नक्कल करायची. नाक वर, अंगठा हवेत, "भिंत माझी आहे!" नवरा हसून हसून लोळायचा आणि त्यांचा दिवस बरा जायचा.

आता मालकीणबाई मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या आणि घर विकत होत्या. दुसरे एक गिऱ्हाईक जास्त किंमत द्यायला टपलेले होते. त्याला घर रिकामे हवे होते. म्हणजे आज सही झाली तर घर आपले, नाही तर बिऱ्हाड पाठीवर. आणि मालकीणबाईंचा अजून पत्ता नव्हता.

"फिरल्या वाटतं," नवरा पुटपुटला.

"शुभ बोल नाऱ्या," बायको म्हणाली खरी, पण तीही सारखी दाराकडेच बघत होती.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. काठी टेकत, नाक वर करून. त्या खुर्चीत बसल्या, पेन उचलले आणि परत खाली ठेवले.

"एक विचारायचं राहिलं," मालकीणबाई वकीलबाईंना म्हणाल्या. "सही केल्यावर या घरात मला कशाला नको म्हणता येईल का?"

"नाही."

"कशालाच?"

"कशालाच नाही, आजी."

मालकीणबाईंनी बायकोच्या पर्सकडे पाहिले. मग भराभर सह्या केल्या. बायकोचा जीव भांड्यात पडला.

नोंद झाली. मालकीणबाईंनी आपल्याकडची किल्ली टेबलावर ठेवली. मग बटव्यात हात घालून आणखी काहीतरी काढले. जरासा वाकलेला, गंजलेला खिळा.

"घे. तुझाच आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ठेवला होता." आणि मागे न बघता निघून गेल्या. बायकोला एक क्षण त्यांचे वाईट वाटले. पण एकच क्षण. आज वाईट वाटून घ्यायला तिला सवड नव्हती.

दोघे घरी आले ते जवळजवळ धावतच. ज्या कुलपाशी नवरा रोज झटापट करायचा, ते आज पहिल्या झटक्यात उघडले. तो चपला न काढताच स्टुलावर चढला. बायकोने फोटो पदराने पुसला, हातोडी त्याच्या हातात दिली आणि जागा शोधायला भिंतीवरून तळवा फिरवला.

भिंत गार होती, गुळगुळीत होती. इतकी वर्षे इथे राहून तिने या भिंतीला असा हात कधी लावलाच नव्हता. जुन्या चुन्याचा तो ठिपका बोटांना लागला. आजूबाजूला कुठे ओरखडा नाही, पोपडा नाही. ती वरपासून खालपर्यंत बघतच राहिली.

"इथे ना?" नवऱ्याने खिळा टेकवला आणि हातोडी उगारली.

"अहो, थांबा!"

त्याने वळून पाहिले. बायकोचे नाक वर गेले होते आणि अंगठा भिंतीवर हळूहळू फिरत होता. नेहमीची नक्कल बघून नवऱ्याला हसू आवरेना, तो स्टुलावरून पडता पडता वाचला. पण बायको हसत नव्हती.

"भिंत माझी आहे," ती म्हणाली. "भोक एकदा पडलं की पडलं."