पुसून न जाणारा पिवळा

धनगरांच्या तळावर तीन दिवसांची बाळंतीण सगुणा तापाने फणफणली होती. तिच्या मनगटावर सरकारी पट्टी होती. रक्तातल्या पहारेकरी पेशींची जनुके जंतूंविरुद्ध जागी झाली, की पट्टी पिवळी व्हायची. पांढरी राहिली, तर बाळाला मागे ठेवून आईला शहरात हलवायचे, असा नियम होता.

"पिवळीधमक झालीय," सासू ठकूबाई म्हणाली.

तपासायला आलेल्या नर्सबाईंनी पट्टीवर बोट फिरवले. बोट पिवळे झाले. "आजी, ही तर भंडाऱ्याची हळद! पट्टीला फसवताय?"

"बिरोबाचा लावला गं. सुनेला लावायचा नाही तर कुणाला?"

नर्सबाईंनी पट्टी पुसली. खाली ती पांढरीच होती. त्यांनी गाडी बोलावली. ठकूबाईने बाळ छातीशी घट्ट धरले.

गाडीची वाट बघताना पट्टीच्या कडेला एक पिवळा ठिपका उमटला, मग दुसरा.

"रक्तातल्या त्या पहारेकऱ्यांना कोण शिकवतं?" ठकूबाईने हळूच विचारले.

"कुणी नाही. उपजतच तयार असतात."

"आमच्या कुत्र्यांगत."

तिने ओल्या पदराने पट्टी स्वतः घासून पाहिली, दोनदा. पिवळा गेला नाही. मग तिने बाळ सगुणेच्या कुशीत दिले.