जेवणानंतरची गोळी

मथुताईंचं तोंड फोडांनी भरलं, तेव्हा जो तो उष्णतेचं औषध देत राहिला. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांचे तळहात उलटून पाहिले. तिथे वर्तुळात वर्तुळ असलेला एकच लाल चट्टा होता.

"ही औषधाची रिॲक्शन आहे. कुठल्या गोळ्या घेता?"

मथुताईंनी पिशवीतून डबी काढली.

"या तर फिटच्या! तुम्हाला फिट येते?"

"मला कुठली! ह्यांना यायची."

"मग त्यांच्या त्यांना द्या ना!"

"हे दिवाळीत गेले."

"आणि तुम्ही त्या खाताय? अहो, जिवावर बेतलं असतं!"

मथुताईंनी सुजलेले ओठ कसेबसे हलवले.

"लग्न झाल्यापासून जेवणानंतर ह्यांच्या हातावर गोळी ठेवायचे. अजूनही ताट उचललं की गोळी काढली जाते, बाई. मग ती द्यायची कुणाला?"