विलोसमोरची जागा

“इथून पुढे यायचं नाही, एनिड,” डेस्मंड ऑटली म्हणाला आणि फाटकाच्या मधोमध उभा राहिला. क्लबच्या चिटणीसाचा पितळी बिल्ला त्यानं कोटावर लावला होता.

“माझ्यावर बंदी आहे?”

“तुझ्यावर नाही. तुझ्या नवऱ्यावर आहे.”

“मग बाजूला हो. बादली जड आहे.”

तो सरकला, पण त्याची नजर तिच्या मागे रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे होती. गाडीत कोणी दिसत नव्हतं.

विनमिअरच्या तळ्यावर सप्टेंबरातली मासेमारीची मोठी स्पर्धा होती. काठाकाठानं माणसं आपापल्या पेट्यांवर बसून गळ बांधत होती, थर्मासातला चहा ओतत होती. एनिडला पाहून दोघातिघांनी माना फिरवल्या. तिच्या नवऱ्याला, विल्फला, क्लबातून काढून टाकल्यापासून त्यांच्यापैकी एकानंही तिच्या घराची पायरी चढली नव्हती. नवराबायको तिच्या बहिणीच्या गावी राहायला गेली, त्यानंतर तर साधा फोनही नाही.

फक्त सिरिल उठून पुढे आला. तो एकेकाळी विल्फच्या शेजारी बसायचा.

“विल्फचा खोकला कसा आहे गं?”

“थांबला.”

“बरं झालं बाई.”

एनिड डेस्मंडकडे वळली. “मी एकच मागायला आलेय. त्या वाकलेल्या विलोच्या झाडासमोर विल्फला एकदा येऊ दे. गळ टाकणार नाही तो. तेवढीच इच्छा आहे त्याची.”

“जन्मभराची बंदी आहे, एनिड. कमिटीचा ठराव आहे. त्याच्या स्टुलामागे आमिषाच्या लाल अळ्यांचा डबा सापडला. आपल्या पाण्यात त्या चालत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.”

“स्टुलामागून सगळं गाव जातं. डबा कोणाचा, म्हणून त्याला एकदा तरी विचारलंत? नुसतं पत्र पाठवलंत. ओळीनं चषक त्यानं जिंकले, आणि दर वेळी दुसरा कोण आला होता, ते सांगू का इथं मोठ्यानं?”

सिरिलनं हसू दाबलं. डेस्मंडचा चेहरा ताठ झाला.

“वजन करून मासे परत पाण्यातच सोडायचे,” एनिड म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण गाल लाल झाले होते. “आणि त्यापायी माणसाला जन्मातून उठवायचं. या काठावरचं गवत कोण कापत होतं? तुझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझ्या कुत्र्याला चिखलातून फिरवायला कोण येत होतं? तो रोज खिडकीशी बसून म्हणायचा, सिरिल येईल, डेस्मंड येईल. कोण आलं?”

सिरिल आपल्या बुटांकडे पाहू लागला.

“मी चिटणीस आहे तोवर विल्फ पार्जिटरचं नखसुद्धा या पाण्याला लागणार नाही,” डेस्मंड म्हणाला. “विषय संपला.”

एनिडनं बादली त्याच्या पायाशी ठेवली.

“मग हे तरी घे. त्याचं ब्रीमचं खाद्य आहे. शेवटचं. मी घरी ठेवून काय करू?”

डेस्मंडनं बादलीकडे पाहिलं आणि मग इकडेतिकडे पाहिलं. ब्रीम हा मासा गुरांसारखा कळपानं तळाशी चरत फिरतो. वाटेत काही थांबवणारं नसेल तर तसाच पुढे निघून जातो. विल्फच्या खाद्याचे गोळे पडले की कळप दुपारभर हलत नसे. त्यात काय असतं, हे काढून घेण्यासाठी लोकांनी त्याला बिअर पाजून पाहिली होती.

डेस्मंडनं झाकण काढून चिमूट चोळली. “भाजलेल्या पावाचा चुरा. काकवी. धणे. पण रंग करडा का?”

“या खेपेला थोडं वेगळं केलंय.”

त्यानं बोट जिभेला लावलं. “खारट आहे.”

“ब्रीमला खारट आवडतं म्हणतात.”

“माणूस नको, पण त्याची बादली चालते वाटतं,” सिरिल म्हणाला.

“खाद्यावर बंदी नाही. नियमांत तसं कुठेही लिहिलेलं नाही.”

“एवढं कर,” एनिड म्हणाली. “विलोसमोरच टाक. आणि सगळं टाक.”

“मासेमारी तू शिकव आता मला.”

पण त्याची जागा विलोला लागूनच होती. स्पर्धा सुरू झाल्याची शिटी झाली तशी त्यानं मुठी आवळून संत्र्याएवढे गोळे वळले आणि एकेक करून विलोसमोर फेकले. एनिड त्याच्या मागे हात जोडून उभी होती. गोळा पडला की ती मान किंचित खाली घालत होती.

“नेम बघतेस का त्याचा?” सिरिलनं विचारलं.

“चांगला आहे,” ती म्हणाली.

बादली रिकामी झाली. तिनं ती काठावर विसळली आणि तेही पाणी तळ्यातच ओतलं. विलोसमोर बुडबुडे येऊ लागले. डेस्मंडचा गळ ओढला गेला, आणि थोड्याच वेळात परातीएवढा रुंद, बुळबुळीत ब्रीम त्याच्या जाळीत आला. पाठोपाठ दुसरा आला. पलीकडची माणसं माना उंचावून पाहू लागली. डेस्मंड कित्येक महिन्यांत इतका खूश दिसला नव्हता.

“विल्फला सांग, माल झकास आहे,” तो वळून म्हणाला. “पण आशा धरू नकोस म्हणावं. बंदी जन्मभराची आहे, आणि ती मी कोणालाही मोडू देणार नाही.”

“कोणी मोडली नाही,” एनिड म्हणाली. “ती त्याच्याबरोबर गेल्या आठवड्यात संपली, डेस्मंड. दहनानंतर त्याची जी राख माझ्या हाती दिली, ती सगळी तू आत्ता विलोसमोर सोडलीस.”